हात दाब, हात सोड

कोंबडी कापायची वेळ आली की माझा नवरा घरातून पळ काढायचा. ट्रकचं चाक एकट्याने उभं करणारा आडदांड गडी, पण आईने सुरी हातात घेतली की हा परसदारातून थेट रस्त्यावर. माझ्या सासूबाई, सोनुबाई, कोंबडीची मान धरूनच मला म्हणायच्या, "कसला बाप्या जल्माला घातला गं मी! रगत दिसलं का ह्याचं त्वांड चुन्यावानी होतंय." कालवण तयार झालं की मात्र तो बरोबर परत यायचा आणि पहिली वाटी त्यालाच लागायची.

कान्हा त्याचं नाव. मी त्याला नावानेच हाक मारते, अरेतुरे करते, आणि त्यापायी लग्नानंतर कितीतरी दिवस सासूबाई माझ्याशी धड बोलत नव्हत्या. मी समीक्षा, कर्जतची. हायस्कुलात मराठी शिकवते. चूक दिसली की तुटून पडायची मला खोड आहे, मग ती वहीत असो की घरात. कान्हाची खोपोलीला शिळफाट्यावर पंक्चरची टपरी आणि आमचं गाव कर्जत-खोपोली रस्त्याला लागून. घाटात गाडी उलटली की क्रेनवाल्याच्या पाठोपाठ कान्हाला बोलावणं यायचं, कारण जॅक, साखळदंड आणि टॉमी त्याच्याकडे. टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पहार. हा जायचा, पत्रा फाकवायचा, अडकलेल्याला वाट करून द्यायचा आणि मग दरीकडे तोंड करून उभा राहायचा. माणसं बाहेर काढायचं काम दुसऱ्यांचं.

आमच्याकडे जखमींना उचलायची एक रीत आहे. जो जास्त ओरडतो तो आधी. त्यातही कुणी आपला असेल तर सगळ्यांच्या आधी. आणि ड्रायव्हर हाती लागलाच तर हे सगळं राहिलं बाजूला, आधी त्याला चोपायचं. मी हे रागाने म्हणते आहे असं वाटेल. रागानेच म्हणते आहे.

एकदा घाटात बस आडवी झाली. मनगट मोडलेला एक माणूस गुरासारखा ओरडत होता, त्याला सगळ्यांनी धावतपळत पहिल्या गाडीत घातलं. एक बाई कठड्याला टेकून शांत बसली होती, मांडीवर पर्स, अंगावर ओरखडासुद्धा नाही. कान्हाला वाटलं, चला, हिला बघताना तरी आपल्याला भोवळ येणार नाही. त्याने तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, तिने ती घट्ट धरली, आणि हा पुढच्या कामाला लागला. परत येऊन पाहतो तर बाई गेलेली. बाटली मुठीत तशीच. ती सोडवायला पोलिसाला जोर लावावा लागला. त्या दिवशी घरी आल्यावर कान्हा जेवला नाही. "समीक्षा, तिनं बाटली धरली ना गं, मला वाटलं तिला समजतंय सगळं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मला त्याचा कळवळा आला, आणि मी त्याच्यावरच चिडले.

पुढे खोपोलीत घाटात मदत करणाऱ्यांसाठी शिबिर झालं. पनवेलकडच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर अंतरा शिकवायला आल्या होत्या. त्यांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला. डोळे उघडतो का, त्याचे इतके गुण. बोलतो कसा, त्याचे इतके. हातपाय हलवतो कसे, त्याचे इतके. आणि मग बेरीज. समोर बसलेले कोण, तर क्रेनवाले, टेंपोवाले, वडापाववाले. कुणीतरी म्हणालं, बाई, आम्ही बेरजेला भिऊन तर शाळा सोडली. डॉक्टर हसल्या आणि त्यांनी तो तक्ता गुंडाळून ठेवला. म्हणाल्या, रस्त्यावर बेरीज आम्हालाही जमत नाही. एकच बघा. सांगितलेलं करतो का? त्याच्या हातात हात द्या, म्हणा, दाब. दाबला तर म्हणा, सोड. दोन्ही केलं तर त्याचा मेंदू अजून ऐकतो आहे, तो थोडा थांबू शकेल, पण रक्त वाहत असेल तर आधी ते दाबून धरा. जो ऐकत नाही त्याला पहिल्या गाडीने मोठ्या इस्पितळात पाठवा, मग तो कितीही गप्प असो. आणि नुसत्या दाबण्यावर जाऊ नका. बेशुद्ध माणसाची मूठसुद्धा तान्ह्या बाळासारखी आवळते. सोडणं महत्त्वाचं.

कान्हा ते ऐकून घरी आला तो वेगळाच माणूस होऊन आला. त्याला ती बाटली कळली होती.

मग घरात उच्छाद सुरू झाला. सासूबाई दुपारच्या लवंडल्या की हा त्यांच्या हातात हात घालायचा, "आये, दाब. आता सोड." त्या म्हणायच्या, "मुडद्या, जिती हाय मी!" गल्लीतल्या बायांचे हात धरून झाले, म्हशीला हात नाही म्हणून ती सुटली. माझं आणि त्याचं भांडण झालं, मी फुगून बसले, की हा जवळ येऊन हात पुढे करायचा. "समीक्षा, दाब." मी मुद्दाम दाबत नसे. मग हा ओरडायचा, "आये, गाडी बोलाव गं, हिला पयल्या गाडीत घालायला लागतंय!" आणि मला हसू फुटायचं. किती भांडणं त्या एका वाक्यावर मिटली.

रक्ताची भीती काही गेली नाही. पण आता तो दरीकडे तोंड करत नसे. जखमेकडे न बघता चेहऱ्याकडे बघायचं आणि हात धरायचा, अशी त्याने आपली सोय करून घेतली होती. घाटात कितीतरी जणांना त्याने असं निवडून पुढे पाठवलं. शिव्याही खाल्ल्या, कारण ओरडणाऱ्याच्या नातेवाइकांना त्याचं हे निवडणं कसं पटणार?

यंदाच्या चैत्रात आम्ही गल्लीतल्या बायका कर्जतजवळच्या कोंडाणे गावी साखरपुड्याला गेलो होतो. टेंपो शेजारच्या नीलेशचा. परतताना तो पुढे चालवत होता, आम्ही मागे हौद्यात सतरंजीवर. नीलेशची आई धोंडूबाई मागच्या फळीला टेकून टाळ्या वाजवत गाणं म्हणत होती आणि मला सारखी म्हणत होती, "तू बी म्हन गं मास्तरीन, त्वांड उघड!" दुपारचं ऊन डोक्यावर होतं. गाव आलं, नीलेशने वळणावर टेंपो उजवीकडे घातला. सिग्नल दिला नाही, हात दाखवला नाही. आपलं गाव, आपलं वळण, हात कशाला दाखवायचा? मागून खडीचा डंपर सुसाट येत होता.

हॉर्नचा आवाज झाला आणि फळी, धोंडूबाई आणि गाणं एकदम नाहीसं झालं. टेंपो आडवा होऊन डांबरावरून घासत गेला. माझ्या अंगावर कुणीतरी पडलं, मी कुणावर तरी पडले, आणि मग मी रस्त्यावर होते. मांडीचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं, ओलं लाकूड मोडावं तसं. पाय गुडघ्याच्या वरून भलत्याच दिशेला वळला होता. शेजारी एकीचा ओठ नाकापर्यंत फाटला होता आणि ती आपले दात हातात घेऊन बघत होती. दुसरी पत्र्याखाली कमरेपर्यंत अडकून किंचाळत होती. धोंडूबाईचं हिरवं लुगडं डंपरच्या मागच्या चाकात गुंडाळलं गेलं होतं. लुगड्यात ती होती. मी एकदाच पाहिलं. ते चाक आणि ते हिरवं मला अजून दिसतं आणि अन्न गोड लागत नाही.

डंपर पुढे जाऊन झाडावर आदळला होता. गाव धावत आलं. अर्धं गाव आमच्याकडे आणि अर्धं डंपरकडे. ड्रायव्हरचं डोकं काचेवर आपटलेलं होतं, तो आधीच लुळा पडला होता, पण त्याला केसाला धरून खाली ओढलं. पिकल्या दाढीचा, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. चपला, पट्टे, कुंपणाचे खांब, हाताला लागेल ते त्याच्यावर पडू लागलं. एकाने त्याच्या तोंडावर टाच रोवली. आपल्या आळीतली माणसं, सणाला पुरणपोळीचं ताट घेऊन दारात येणारी.

कान्हा त्या दिवशी जेवायला घरी आला होता. बनियनवर, भाताचा हात तसाच, खांद्यावर टॉमी घेऊन धावत आला. त्याने टॉमी घालून पत्रा उचलला, अडकलेली बाई बाहेर ओढली, टॉमी तिथेच टाकली. मग ओरडला, "जिला चालता येतंय ती चिंचेखाली जा! बाकीच्यांनी हालू नका!" आणि एकेकीजवळ बसू लागला. जिचं रक्त वाहत होतं तिच्या जखमेवर दुसरीचा हात ठेवायचा. "दाबून धर, सोडू नको." मग तिचा हात धरायचा. "दाब. सोड." उठायचा. पुढची.

माझ्याजवळ आला. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं नाही, चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्या हातात हात दिला. "समीक्षा, दाब."

मला नियम पाठ होता. नाही दाबला तर पहिली गाडी माझी. त्या कळा मी शब्दांत सांगू शकत नाही, मला फक्त तिथून जायचं होतं. मी दाबला नाही.

कान्हाचा चेहरा पांढरा पडला. कोंबडी कापताना पडायचा तसा नाही. असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता, घरातला दिवा गेल्यासारखा. "समीक्षा," तो म्हणाला, नुसतं ओठांनी. माझ्याने ते बघवेना. मी हात दाबला.

"सोड."

सोडला. त्याने ओल्या डोळ्यांनी मला एक सणसणीत शिवी दिली आणि तो पुढे गेला. मी जळफळत मागून त्याच्या नावाने ओरडत राहिले.

सगळ्या बायकांनी हात दाबले, सोडले. मग कान्हा गर्दीत घुसला. लोकांच्या लाथा चालूच होत्या, हा सरळ त्या ड्रायव्हरवर पालथा पडला. पट्टे याच्या पाठीवर बसले. तसाच पडून त्याने त्याचा हात धरला. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. तो हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. कान्हा ओरडला, "हा पयला जाईल! गाडी आली का ह्याला पयला घाला!"

ॲम्ब्युलन्स येताना दिसत होती. नीलेश पुढे आला. त्याच्या शर्टावर त्याच्या आईचं रक्त होतं, तिला चाकातून सोडवायला गेला होता तो. आणि त्याच्या हातात कान्हाचीच टॉमी होती.

"माजी आई तिथं चाकात हाय. तुजी बायको रस्त्यात पडलीय. आनि तू ह्याला नेतोस?"

"आई गेली रं, नील्या," कान्हा म्हणाला. "समीक्षा थांबंल. हा नाय थांबायचा."

नीलेशने टॉमी फिरवली. कानाच्या वर बसली. आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला. कान्हा गुडघ्यावर बसला, आणि तेवढ्याने गर्दी भानावर आली. कुणी नीलेशला धरलं. कान्हा मात्र उठला. "काय नाय, काय नाय," म्हणत त्याने कान पुसला, त्याचा मित्र सदू धावत आला, आणि दोघांनी मिळून ड्रायव्हरला स्ट्रेचरवर घेतलं. लोक थुंकत होते. कुणी म्हणालं, बायको टाकून वैऱ्याला नेतोय, थू तुझ्या जिण्यावर. घरून धावत आलेल्या सासूबाई छाती बडवत होत्या. आणि मी? मी सगळ्यांहून मोठ्याने ओरडत होते, "मरू दे त्याला! मला ने, कान्हा, मला ने!" ते शब्द मी आजही मागे घेत नाही. ज्याचं हाड मोडलं नाही त्याने मला शहाणपण शिकवू नये.

ड्रायव्हरला आत ठेवून सलाईन लावत होते. कान्हा माझ्याकडे आला. चालताना त्याचा एक पाय जरा ओढला जात होता. शेजारी बसला, माझा हात हातात घेतला. म्हणाला, "सदूचा टेंपो येतोय. तुला खोपोलीला." जरा थांबला. पुन्हा म्हणाला, "सदूचा टेंपो येतोय." मग पुन्हा सुरू केलं आणि मध्येच राहिलं.

आजूबाजूला बायका हळहळल्या. एक म्हणाली, आला गं बाई, शेवटी आपल्या माणसाजवळ आला. मीही रडायला लागले. इतका घट्ट धरला होता त्याने माझा हात. मला वाटलं, आता हा माफी मागणार, आणि मी त्याला मुळीच माफ करणार नाही.

पण तो काहीच बोलेना. डोळे माझ्यावर होते आणि मला बघत नव्हते. एका डोळ्यातली बाहुली मोठी, काळीभोर, दुसऱ्यातली लहान.

मी म्हटलं, "कान्हा, दाब."

दाबलेलाच होता.

"आता सोड."

नाही सोडला. मला वाटलं, थट्टा करतोय. अशा वेळीसुद्धा थट्टा सुचते मेल्याला. "सोड ना रे. कान्हा! सोड म्हणते ना!" माझ्या बांगड्यांच्या काचा मनगटात रुतत होत्या, इतकी त्याची मूठ आवळलेली. आणि त्या मुठीत मला घाटातली ती बाटली दिसली.

गाडीचं दार लागत होतं. मी आयुष्यात एवढी कधी ओरडले नसेन. "थांबवा! हा ऐकत नाही! हा सोडत नाही, याला आधी न्या!" बायकांना वाटलं माझं डोकं फिरलं. नवऱ्याने हात धरलाय आणि ही सोड सोड करतेय. पण सदूला कळलं. त्याने गाडीवर थाप मारली.

उचलायला माणूस हवा होता. कान्हाला उचलणं एकट्यादुकट्याचं काम नव्हे. जवळ उभा होता तो नीलेश. त्याच्या हातातून टॉमी गळून पडली होती. मी म्हटलं, "नीलेश, उचल त्याला. तूच उचल." तो पुढे आला आणि त्याने कान्हाला काखेत धरलं. आणि तरीही कान्हा माझा हात सोडेना. मग मी दुसऱ्या हाताने त्याची बोटं उलगडली. एक उलगडावं, दुसरं मिटावं. लग्नात धरलेला हात मी माझ्याच नखांनी ओरबाडून सोडवला आणि त्याला त्या गाडीत चढवू दिलं. ड्रायव्हर स्ट्रेचरवर, माझा नवरा बाकावर आडवा, सदू त्याचं डोकं धरून. गाडी गेली. मी रस्त्यावर पडून होते आणि मला पायाची कळ तेव्हा जाणवत नव्हती.

नीलेशचं नाव मी पोलिसांना सांगितलं. त्याने वळताना हात दाखवला नव्हता, तेही सांगितलं. गावातली निम्मी माणसं त्यावरून माझ्याशी बोलत नाहीत. नसू देत. पण त्यानेच कान्हाला उचललं, हेही मी जबाबात लिहायला लावलं.

ड्रायव्हर वाचला. त्याची बायको लांबून आली, इस्पितळात माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला माझ्या डब्यातली भाकरी दिली.

कान्हाच्या कवटीखाली रक्त साचलं होतं. ते काढलं. डॉक्टर अंतरा तिथेच होत्या. म्हणाल्या, उशीर झाला असता तर काढून उपयोग नव्हता. त्यापुढची खात्री मात्र त्यांनी दिली नाही. मलाही खोपोलीहून तिथेच आणून माझ्या मांडीत सळई घातली होती, मी चाकाच्या खुर्चीतून रोज त्याच्या खाटेशी जाई. नाकातोंडात नळ्या, डोकं भादरलेलं. मी हात द्यायची. दाब म्हणायच्या आधीच मूठ आवळायची. सोड म्हटलं की काहीच नाही. बाहेर सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "बायकोचा हात सोडीत नाय गं माजा लेक!" आणि मी संडासात जाऊन रडत असे. नवरा हात धरत नाही म्हणून इतर बायकांचा जीव तुटतो, माझा तो सोडत नाही म्हणून तुटत होता.

असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. एके सकाळी मी चिडलेलीच गेले. पाय ठणकत होता, सासूबाईंशी वाजलं होतं. हात दिला आणि वर्गात ओरडावं तसं ओरडले, "कान्हा, दाब!"

दाबला.

"सोड!"

त्याची बोटं हलली. आधी करंगळी, मग बाकीची, गंजलेलं कुलूप उघडावं तशी, हळूहळू. माझा हात मोकळा झाला. नर्स धावत आली. मी कान्हाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, दोन्ही डोळ्यांनी, मलाच.

दाब म्हणायचं मला पुन्हा सुचलं नाही. मीच त्याचा हात धरला. नर्स म्हणाली, बाई, वेळ संपली, सोडा आता. मी ऐकलं नाही.